‘स्वभावपाश’ या नोंदीचं चित्र

“यात काय चाललंय, सांगा बघू,” असं म्हणून मी चित्र कंडक्टरच्या तोंडासमोर धरलं.

कंडक्टरचे दोन्ही हात आडवे पसरलेले होते आणि हावळमामा त्याच्या काखेखालून टेप फिरवत होते. सफारीचं माप चाललं होतं. कंडक्टरनं मान तेवढी पुढं काढली.

“किल्ला हाय. दार उघडं हाय.”

“बरं, पुढं?”

“वर एक म्हातारा निवांत हुक्का वढत बसलाय. खाली ही एवढी फौज हुभी हाय.” त्यानं डोळे बारीक केले. “दार लावायला इसरलंय म्हातारं. आता मरतंय.”

त्याचं बोलणं मी चिठ्ठीवर जसंच्या तसं उतरवलं, खाली तारीख घालून सही केली. तोंडानं “अरेरे” म्हटलं आणि मनातल्या मनात कंडक्टरला ओवाळलं. चित्र नापास झालं होतं. आणखी दोन दिवस तरी मगदूम कोल्हापूर सोडून कुठं जात नव्हते.

ही १९८४ सालच्या जानेवारीतली गोष्ट. गंगावेशीत हावळमामांच्या शिलाईच्या दुकानावर आमचं कार्यालय होतं. तिथं आम्ही ‘कथायुक्तिकोश’ करत होतो. गोष्टी सांगणारे लोक ज्या युक्त्या पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, त्या सगळ्या वर्णानुक्रमे एका ग्रंथात आणायच्या, असा तो उद्योग होता. जत्रेत हरवलेला भाऊ तिळावरून ओळखणं, पेले बदलून विष देणाऱ्यालाच विष पाजणं, साधूच्या वेषात राजानं गावात हिंडणं, एकूण सहाशे नोंदी. नोंदी मी लिहायची आणि प्रत्येक नोंदीला एक चित्र, ते धनपाल मगदूम काढायचे. आमचे संपादक रघुनाथराव कुरुंदवाडे दोघांच्याही कामाला नावं ठेवायचे. तिघांचं मिळून बरं चाललं होतं.

रघुनाथरावांचा एक नियम होता आणि तो ते देवाच्या आज्ञेसारखा पाळायचे. चित्राखालचा मथळा झाकायचा आणि ज्याला नोंदीतलं ओ की ठो माहीत नाही, अशा माणसाला चित्र दाखवायचं. तो जे बोलेल ते शब्दशः चिठ्ठीवर लिहायचं. युक्ती त्याच्या ध्यानात आली तर चित्र पास, नाही तर चित्रकारानं पुन्हा बसायचं. असा माणूस रोज कुठून आणायचा? तर खालून. “माप देणारा माणूस पळून जाऊ शकत नाही,” रघुनाथराव म्हणायचे. त्यामुळे गेली चार वर्षं अर्ध्या कोल्हापूरनं हात पसरून आमची चित्रं तपासली होती. चित्र खाली न्यायचं काम माझ्याकडे होतं.

त्या महिन्यात ‘स’पर्यंत आलो होतो आणि अडलो होतो एकाच नोंदीवर. ‘स्वभावपाश’. व्याख्या मीच लिहिली होती. ‘समोरचा माणूस आपल्या स्वभावाप्रमाणे काय करील हे आधी ओळखून, त्याच्याच हातून आपला डाव पुरा करून घेणे.’ वाचायला सोपं, काढायला महाकठीण. डाव चित्रात दाखवता येतो, पण समोरच्याचा स्वभाव कसा दाखवणार? मगदूमांनी आधी गळाला लागलेला मासा काढला. रघुनाथराव म्हणाले, मासा भुकेला आहे, त्यात स्वभाव कसला? मग बुद्धिबळ खेळणारे दोघे काढले. ते पाहून खाली एका गुळाच्या अडत्यानं “दोन रिकामटेकडी माणसं” असा निकाल दिला. मग हा किल्लेदार. शत्रू संशयी आहे, उघडं दार बघून तो दगा समजेल आणि निघून जाईल, हे किल्लेदारानं ओळखलंय. पण कंडक्टरच्या मते म्हातारा मरणार होता.

मी वर आले आणि चिठ्ठी मगदूमांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली आणि ते हसले. ते आवाज न करता हसायचे, खांदे तेवढे हलायचे.

“बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले. “मी शत्रूची तोंडं पाठमोरी काढली. संशय दिसायला तोंड नको होय?”

“मग आता?”

“पुन्हा काढायचं.”

“वेळ आहे का पण? एक तारखेला तिकडं हजर व्हायचंय ना तुम्हाला?”

मी हे दाराकडे बघत विचारलं. त्यांना बडोद्याला पुस्तकांची चित्रं काढायची पक्की नोकरी मिळाली होती. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं, नाही झालात तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार, असं पत्रात स्पष्ट होतं. ‘स’ संपल्यावर कोशाचं त्यांचं काम संपत होतं, उरलेली चित्रं आधीच झाली होती. म्हणजे मगदूम आणि बडोदा यांच्यामध्ये एवढी एकच नोंद उभी होती.

“चित्र झाल्याशिवाय कसा जाणार?” ते म्हणाले. “अर्धवट टाकून गेलो तर तिकडं जेवण गोड लागणार नाही मला.”

हे मला ठाऊक होतं. चार वर्षांत मी त्या माणसाला पुरतं ओळखलं होतं. बहिणीचा साखरपुडा असतानाही ‘वेषांतर’चं चित्र जमेना म्हणून ते दुपारपर्यंत टेबलाशी बसून राहिले होते, आणि जयसिंगपुराहून भाऊ येऊन त्यांना अक्षरशः धरून घेऊन गेला होता. काम अर्धं टाकून उठणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

आता सांगून टाकते. मला ते हवे होते. टेबलाच्या पलीकडे कायम बसलेले हवे होते. निब दौतीच्या काठाला दोनदा टेकवायची त्यांची सवय, माझ्या नोंदीतलं एखादं वाक्य आवडलं की ते पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवणं, एवढ्यावर माझी चार वर्षं गेली होती. पण आमच्यात ‘अहो इंगवलेबाई’ आणि ‘अहो मगदूम’ याच्यापुढं एक अक्षर सरकलं नव्हतं. ते जैन, आम्ही मराठा, त्यांच्या घरी चार भाऊ, माझ्या घरी तीन. ही सगळी कारणं खरी, पण दुय्यम. खरं कारण माझा ताठा. स्वतःहून काही मागायचं नाही, हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ठरवलेलं. आई म्हणायची, “शालन उपाशी मरेल, पण वाढा म्हणायची नाही.”

तोंड उघडायचं नव्हतं, म्हणून मी दुसरा मार्ग धरला. खोटं मी लिहीत नव्हते. गिऱ्हाईक जे बोलेल तेच चिठ्ठीवर यायचं. फक्त गिऱ्हाईक निवडायचे मी. वर खिडकीतून दुकानाची पायरी दिसायची. चुणचुणीत दिसणारा माणूस आत शिरला की मला काहीतरी काम निघायचं. घाईतला, रागातला, किंवा जरा मंद दिसणारा माणूस आला की मी चित्र घेऊन जिना उतरायची. एकतीस तारीख उलटेपर्यंत एवढं रेटायचं, की बडोदा आपोआप बुडेल. माझ्याच नोंदीतली युक्ती मी माझ्याच चित्रकारावर वापरत होते, आणि त्यातली गंमत तेव्हा माझ्या लक्षातही आली नाही. लिहिणाऱ्यांचं हे असं असतं.

मगदूमांनी दोन दिवसांत किल्लेदार नव्यानं काढला. या वेळी शत्रूची तोंडं समोर होती आणि एकेकाच्या डोळ्यांत संशय भरलेला. चित्र झकास होतं. मी खिडकीत तासभर थांबले आणि मग स्वतःच्याच बोलण्यात रमणारे एक मास्तर आत शिरलेले पाहून खाली गेले. मास्तरांनी हात पसरल्या पसरल्या किल्ल्याचं बांधकाम, बुरुजांची संख्या आणि त्यातल्या चुका यांवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. युक्तीचा उल्लेख नाही. मी पाठपोट चिठ्ठी भरून लिहिली.

मास्तर गेले तसे हावळमामा टेप गळ्यात टाकत म्हणाले, “बाई, एक इचारू?”

“विचारा की.”

“मघाशी पाटलांची पोरगी आलती, कॉलेजातली. तीन गिऱ्हाइकं आली त्या तासात. तुमी खाली आलाच न्हाई. मास्तर आलं तशा धावत आला.” त्यांनी खडू उचलला, कापडावर रेघ ओढली. “मी चाळीस वर्सं मापं घेतोय. मानूस कुटं आखडून उभारलाय, ते मला कळतंय.”

“तसं काही नाही मामा.”

“नसंल, नसंल,” ते म्हणाले. “पर मगदूम बी काल खिडकीत उभारलं हुतं. तुमच्या मागं. तुमी खाली बघत हुता आनि ते तुमच्याकडं.”

वर जाताना जिन्याच्या पायऱ्या वाढल्यासारख्या वाटल्या. पण मगदूमांनी चिठ्ठी नेहमीसारखीच वाचली, पाठपोट वाचली, आणि म्हणाले, “बुरुज सहा हवेत, म्हणतात मास्तर. ठीक आहे. किल्ला सोडून देऊ. मी दुसरं काहीतरी काढतो.”

त्यांनी चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत कागद झाकून काढत होते. पूर्वी कधी झाकत नसत. सत्तावीस तारखेला, शुक्रवारी दुपारी, रघुनाथराव जेवायला गेले असताना मगदूम माझ्या टेबलाशी आले आणि चित्र माझ्यासमोर ठेवलं.

“झालं,” ते म्हणाले. “खाली न्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. पाठ माझ्याकडे करून. नोंदीचं चित्र खाली न्यायचं की नाही, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

चित्रात एक टेबल होतं. टेबलामागं एक बाई बसली होती, तोंड अर्धं वळलेलं. तिनं एका हातानं एक चित्र समोरच्या माणसाला परत दिलं होतं, आणि दुसऱ्या हाताची बोटं ‘चालणार नाही’ अशी हवेत. टेबलावर नाकारलेल्या चित्रांची ही चळत. माणूस प्रवासाला निघालेला दिसत होता, टोपी, कोट, दाराशी ट्रंक आणि वळकटी. पण एका हातानं तो खुर्ची ओढत होता, पुन्हा बसायला. आणि टेबलाखाली, जिथं त्याची नजर जात नव्हती, तिथं बाईनं त्याच्या वळकटीच्या पट्ट्यावर चप्पल काढून पाय ठेवला होता. घट्ट. पायाची बोटं वाकली होती इतका घट्ट.

किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. लाजेनं कान तापले होते. याला सगळं कळलंय. आणि याला जायचंय, म्हणून यानं हे काढलंय. इंगवलेबाई, पाय काढा, असं हा माणूस मला चार दिवस खपून, शाईनं, सावल्या देऊन सांगतोय. मला तेवढाच एक अर्थ दिसला. दुसरा काही असेल, हे मनाला शिवलंही नाही.

मी उठले. आणि तरीही, एवढी लाज वाटत असताना, खिडकीपाशी जाऊन पायरीवर कोण आहे ते बघितलं! कसबा बावड्याच्या एक म्हाताऱ्या बाई आत चालल्या होत्या, डोळ्यांना जाड भिंगं, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी जिना उतरले.

बाईंच्या दंडाचं माप चाललं होतं. मी चित्र धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, दाराच्या उजेडात नेलं, नाकाला लावलं. मला वाटलं, आता म्हणतील, काय दिसंना बाई. तसं म्हणाव्यात म्हणून मी अंबाबाईला हात जोडले.

“ह्यो गावाला निगालाय,” बाई म्हणाल्या.

“हं.”

“ही म्हनतीया, तुजं काम वंगाळ हाय, परत कर. पर काम वंगाळ न्हाईच मुळी. तिला ठावं हाय, ह्यो बाबा पुना करत बसनार. त्येचा सोभावच त्यो.” मग त्यांनी बोटानं टेबलाखालचा पाय शोधला. “आगं बया! पट्टा धरलाय पायानं. जीव हाय तिचा त्याच्यावर. तोंडानं सांगाय काय झालंय मेलीला?”

हावळमामा खाली मान घालून सुईत दोरा ओवत होते. तो काही ओवला जात नव्हता.

मी चिठ्ठी काढली. चार वर्षांत मी चिठ्ठीवर एक शब्द बदलला नव्हता, तो त्या दिवशीही बदलला नाही. शेवटच्या वाक्यासकट सगळं लिहिलं. तारीख घातली, सही केली, पुढं ‘पास’ लिहिलं आणि वर जाऊन चिठ्ठी मगदूमांच्या टेबलावर ठेवली.

मगदूमांनी चिठ्ठी वाचली. या वेळी खांदे हलले नाहीत. त्यांनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

“पास झालं म्हणजे,” ते म्हणाले.

“हो. छान झालंय चित्र.”

“आणखी काही दुरुस्ती?”

“नाही,” मी म्हटलं. “काही नाही.”

रघुनाथराव जेवून आले, चित्र पाहून हरखले. “वा! मगदूम, हे कुठून सुचलं हो? आणि पाय कुणाचा काढलात, इतका बोलका?” मगदूम म्हणाले, “असाच, मनातला.” रविवारी सकाळच्या गाडीनं ते गेले. मी स्टेशनवर गेले नाही. घरी जोंधळे निवडत बसले होते. आईनं दोनदा विचारलं, खडे टाकतेस की जोंधळे?

कोश १९८७ साली निघाला. ‘स्वभावपाश’चं चित्र लोकांना फार आवडलं. मी पुढं एका कॉलेजात ग्रंथपाल झाले, निवृत्त झाले. लग्न केलं नाही. ते त्यांच्यामुळे असं म्हणायचा मला हक्क नाही, पण त्यांच्यामुळेच. मगदूमांचं लग्न झाल्याचं कळलं, मग दोन मुली झाल्याचं. दिवाळीला त्यांचं हातानं काढलेलं भेटकार्ड यायचं, त्यावर नुसती सही.

२०१० च्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी दार वाजलं. मगदूम उभे होते. केस पांढरे, हातात काठी. जयसिंगपुराला पुतण्याचं लग्न होतं, तिथून आले होते. जावई गाडी घेऊन कोपऱ्यावर थांबला होता.

“पाच मिनिटं बसतो,” ते म्हणाले.

बसले. मुलींचं सांगितलं, बायकोचे गुडघे दुखतात म्हणाले. मी रघुनाथराव गेल्याचं सांगितलं. मी चहा आणून समोर ठेवला, पण दोघांचं लक्ष चहाकडे नव्हतं.

“इंगवलेबाई,” ते एकदम म्हणाले, “मी त्या शुक्रवारपर्यंत तिकीट काढलं नव्हतं.”

“कुठलं तिकीट?”

“बडोद्याचं. ते चित्र तुमच्यापुढं ठेवलं, तेव्हा माझ्या खिशात नकाराचं पत्र होतं. पाकीट चिकटवून ठेवलेलं. नोकरी नको म्हणून.”

“नकाराचं?” मी विचारलं.

“मला वाटलं, तुम्ही ते खाली नेणारच नाही,” ते म्हणाले. “तुम्ही चिठ्ठीवर खोटं लिहिणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. हे चित्र खाली गेलं तर बघणारा ओळखणार, आणि तो बोलेल ते तुम्हाला लिहावं लागणार. ते तुम्ही होऊ देणार नाही. मग काय कराल? फाडाल, माझ्या अंगावर फेकाल, दोन शिव्या द्याल. काहीतरी बोलाल. तेवढं बोलला असता की पुढचं मी बोलणार होतो. चार दिवस पाठ करत होतो.” ते थांबले. “पाठ करून बसलो होतो मी. मग जिन्यात तुमच्या चपला वाजल्या. खाली गेल्या.”

“अहो, मी एका डोळ्यात फूल पडलेली म्हातारी बघून गेले होते,” मी म्हटलं. “तिला दिसू नये म्हणून. ते नापास व्हावं आणि तुम्ही पुन्हा काढायला बसावं म्हणून.”

त्यांचे खांदे हलायला लागले आणि माझेही. आम्ही दोघं म्हातारी माणसं पोट धरून हसलो. हसता हसता कधी थांबलो ते कळलं नाही.

“मला तुम्ही हवे होतात,” मी म्हटलं. “जन्मभर. अजून एखाद्या दुपारी वाटतं, तुम्ही समोर बसून काहीतरी वाचून दाखवाल. चुकलं माझं. एका वाक्याचं काम होतं.”

बाहेर दिवेलागण झाली होती. कोपऱ्यावरून हॉर्न वाजला. माझं लक्ष कपाकडे गेलं. चहावर साय धरली होती, आणि दिवस मावळून गेला होता. मगदूम मावळतीनंतर पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत. घरातून चालत आलेलं व्रत ते, कार्यालयातसुद्धा कधी मोडलं नव्हतं. मी कप उचलायला हात पुढं केला.

“असू दे,” ते म्हणाले.

“अहो, दिवस मावळला.”

“माहीत आहे.”

त्यांनी कप उचलला आणि तो गार चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग कप बशीत ठेवला, काठी घेतली आणि निघाले.